ऋषीचे कूळ, मँडोलिनचे मूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये म्हणतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे, गोल पाठीचे अमेरिकन मँडोलिन हाती आले, की या यादीत तिसरी भर घालावीशी वाटते. बिचारे मांडीवरही धड ठरत नाही. पोट इतके गोल, की घसरत गुडघ्यापाशी जाते. आपण मात्र त्याची झडती घ्यायला बसलेलो. आधी विजेरी लावून आत डोकवायचे. चिठ्ठी असलीच तर बहुधा विकणाऱ्याची. शिकागोच्या लायन अँड हीलीने ‘वॉशबर्न’ हे नाव तरी मिरवले. पण सीअर्स, रोबकसारख्या टपालाने माल धाडणाऱ्या पेढ्यांतून घरोघर गेलेल्या वाद्यांवर कारागिराचे नाव कोण घालणार? साडीच्या खोक्यावरून विणकर ओळखण्यातलाच हा प्रकार. मग पाठीच्या पट्ट्या मोजायच्या. ९ पट्ट्यांचे बेताच्या ऐपतीचे, ३०-४० रोझवूडच्या पट्ट्यांचे श्रीमंती. या पट्ट्यांवरूनच अमेरिकनांनी त्याला बटाट्यावरच्या पट्टेरी किड्याचे नाव ठेवले. संध्याकाळी ज्यावर हळव्या चाली छेडायच्या, त्याला नाव पिकाच्या वैऱ्याचे! तारा अडकवायच्या पत्र्यावर कधी पेटंटची तारीख सापडते. वाद्य त्याआधीचे नाही, एवढे ती सांगते. किती नंतरचे, ते विचारू नये.

आणि खरे सांगायचे तर मँडोलिनची ही सारी हौसच मुळात वेषांतरातून उपजलेली. १८८० साली ‘एस्तुदियान्तिना फिगारो’ हा स्पॅनिश वादकांचा ताफा न्यूयॉर्कला आला. ते वाजवत होते बांदुरिया, लोकांना वाटले मँडोलिन. मग कार्लो कुर्तीच्या पुढाकाराने तिथल्या इटालियन वादकांनी स्पॅनिश पोशाख चढवले, हाती आपली खरी मँडोलिन घेतली आणि तोतयांनी मैदान मारले. देशभर मँडोलिनचे वेड पसरले. अँजेलो मान्नेल्लो या स्थलांतरित इटालियनाने न्यूयॉर्कमध्ये घडवलेली नक्षीदार मँडोलिन आज मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. त्यांच्या निनावी भावंडांच्या नशिबी माळा आला, कारण १८९८ साली ऑरव्हिल गिब्सनने कोरीव मँडोलिनचे पेटंट घेतले, १९०२ मध्ये कॅलामझूला त्याच्या नावाची कंपनी निघाली आणि पोट सुटलेली वाद्ये हळूहळू जुनाट ठरली.

मला विचाराल तर चिठ्ठीपेक्षा पडदे बघावेत. पुष्कळदा पहिल्या चार-पाच पडद्यांपाशीच लाकूड बोटांनी खोलगट झालेले असते, त्यापुढे कोरे करकरीत. कुणीतरी दोन-तीन सोप्या चालींच्या पलीकडे कधी गेलेच नाही. पण तेवढ्या मात्र जीव लावून, लाकूड झिजेपर्यंत वाजवल्या. घडवणाऱ्याचे नाव नसेल, वाजवणाऱ्याची सही अशी असते.

तेव्हा असे वाद्य घरी आले, तर कुळाची चौकशी सावकाश करा. आधी त्यावर अगदी हलक्या तारा चढवा. जाड तारांच्या ताणाने वरची पातळ फळी खचते.