भरलेल्या गाडीचं ॲव्हरेज सांगा

रिकामी पळवायला पिकअप कोणी विकत घेत नाही. टोमॅटो, कांदा, चारा, सिमेंट, दुधाचे कॅन, मांडवाचं सामान, जे मिळेल ते भरायचं आणि निघायचं. हौदा भरला तर गाडी कमावते, नाहीतर दारात उभी राहून हप्ता खाते. आणि या गाडीचं ॲव्हरेज मात्र आपल्याला सांगितलं जातं ते जवळपास रिकाम्या हौद्याचं. माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती मला फार मोठी वाटते.

जुन्नर, ओतूर, नारायणगाव या पट्ट्यात नवी पिकअप घेतलेल्या कुणालाही विचारा. गाडी कशी आहे? चांगली आहे. ओढायला? दणकट. ॲव्हरेज? इथे आवाज खाली येतो. चौदा सांगितलं होतं, दहा देतेय. कुणाचं नऊ, कुणाचं अकरा. गाडीचा रंग वेगळा, कंपनी वेगळी, तक्रार तीच.

शोरूममध्ये गेलं की उत्तर तयार असतं. गाडी अजून नवी आहे, थोडं रनिंग होऊ द्या, दोन सर्व्हिसिंग झाल्या की ॲव्हरेज वाढेल. यात थोडं तथ्य आहे. नव्या इंजिनाचे भाग एकमेकांशी जुळायला काही हजार किलोमीटर लागतात आणि तोवर डिझेल जरा जास्त जातं. पण 'जरा' जास्त. दहाचे चौदा सर्व्हिसिंगने होत नाहीत. दुसरी सर्व्हिसिंग झाली की तेच काउंटर सांगतं, तुमचा ड्रायव्हर नीट चालवत नाही. पहिल्या उत्तराने सहा महिने जातात, दुसऱ्याने माणूस गप्प होतो.

चालवणाऱ्याच्या बाजूनेही चुका होतात, ते मान्य करू. टायरमधली हवा महिनामहिना बघायची नाही, क्लचवर पाय ठेवून घाट उतरायचा, बाजार समितीच्या रांगेत तासभर इंजिन चालू ठेवायचं, यात डिझेल जळतंच. दीड टनाच्या गाडीत अडीच टन कोंबून ॲव्हरेजबद्दल कुरकुर करणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. तो स्वतःच्या इंजिनाशी आणि घाटात समोरून येणाऱ्याच्या जिवाशी खेळतो. मी बोलतोय ते आरसी बुकात लिहिलंय तेवढंच वजन भरणाऱ्या, हवा तपासणाऱ्या, पन्नास-साठच्या वेगाने शहाण्यासारखी गाडी चालवणाऱ्या माणसाबद्दल. त्यालाही चौदा मिळत नाही. मिळणारच नाही, कारण तो आकडा त्याच्या कामाचा कधी नव्हताच.

तो येतो कुठून? आपल्याकडे गाड्यांची प्रमाणपत्रासाठीची चाचणी एआरएआयसारख्या संस्थांत होते. ही संस्था १९६६ सालची, पुण्यात वेताळ टेकडीवर आहे. गाडी रस्त्यावर नेत नाहीत. प्रयोगशाळेत तिची चाकं रोलरवर ठेवतात आणि ठरलेल्या क्रमाने वेग वाढवत, कमी करत, थांबवत चालवतात. हा सगळा खेळ सुमारे २० मिनिटांचा. 'गाडी' कापते साधारण साडेदहा-अकरा किलोमीटर. कमाल वेग ताशी ९० आणि तोही थोडाच वेळ. चढ नाही, खड्डा नाही, समोरचा वारा नाही. रस्त्याचा आणि हवेचा विरोध गणिताने रोलरवर घातलेला असतो. संस्थेला मी दोष देत नाही. नियमाने सांगितलेली चाचणी ती नेमाने करते, आणि सगळ्या कंपन्यांच्या गाड्या एकाच मापाने मोजायला अशी चाचणी हवीच.

खोट आहे ती वजनात. साडेतीन टनांच्या आतल्या मालवाहू गाडीची ही चाचणी घेताना गाडीचं रिकामं वजन धरतात आणि त्यात साधारण १५० किलो मिळवतात. ड्रायव्हर, शेजारी एक माणूस, दोन पिशव्या. संपलं. कारसाठी हे चालून जातं, कारण कारमध्ये बहुतेक वेळा एक-दोन माणसंच असतात. पिकअपला मात्र कंपनी स्वतःच छातीठोकपणे १५०० किलो किंवा त्याहून जास्त वजन वाहायची क्षमता सांगते. म्हणजे एकाच पत्रकावर एका ओळीत वजन दीड टनाचं आणि दुसऱ्या ओळीत ॲव्हरेज दीडशे किलोचं. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. एकाखाली एक छापले की घेणाऱ्याला वाटतं, दीड टन भरून चौदा मिळेल.

वजनाने नेमकं काय होतं ते घाटात कळतं. देवगडहून आंबा भरून फोंडा घाट चढणारी पिकअप घ्या. गाडी आणि माल मिळून तीन टन. घाटात ती साधारण ६०० मीटर वर चढते. रस्त्याचं घर्षण सोडा, हवा सोडा, नुसतं तेवढं वजन तेवढं उंच उचलायलाच इंजिनाला सव्वा ते दीड लिटर डिझेल लागतं. रिकामी गाडी हीच उंची पाऊण लिटरच्या आसपास चढेल. बरं, चढताना घातलेलं उतारावर परत मिळेल म्हणाल, तर भरलेली गाडी घाट उतरताना गिअरमध्ये आणि ब्रेकवर असते. सगळी मिळकत ब्रेकच्या उष्णतेत जाते. नारायणगावची गाडी माळशेज उतरते ती भरलेली आणि चढते ती रिकामी, म्हणून तिला थोडा दिलासा. पण तो पूर्ण नाही. परतीला हौद्यात रिकाम्या कॅरेटची थप्पी असते, केबिनच्याही वर गेलेली. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. ती उंच थप्पी कल्याणच्या रस्त्यावर ऐंशीने पळवली तर रिकाम्या गाडीचाही फायदा उरत नाही. फाळक्यांवर लोखंडी सांगाडा चढवून हौदा उंच करून घेणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं.

त्यात बीएस-६ आलं. १ एप्रिल २०२० पासून नव्या डिझेल गाड्यांना काजळी अडवणारी गाळणी लागली, तिला सगळे डीपीएफ म्हणतात. गाळणी भरली की गाडी जादा डिझेल टाकून ती काजळी जाळते. महामार्गावर लांब पळणाऱ्या गाडीत हे काम सहज उरकतं. गावातून मार्केट, मार्केटमधून गोडाऊन, पुन्हा गाव अशा तुकड्यातुकड्यांच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ती पुरेशी तापतच नाही. मग जाळणं अर्धवट राहतं, पुन्हा सुरू होतं, पुन्हा डिझेल जातं. ही गाळणी नको, असं मी म्हणणार नाही. बाजाराच्या आवारात तो धूर सगळ्यात आधी हमालाच्या छातीत जातो. पण जुन्या गाडीच्या ॲव्हरेजवर नव्या गाडीचा हिशेब मांडू नका, हे विकताना सांगायला काय हरकत आहे?

आता पैशाकडे येऊ, कारण हे सगळं दुखणं तिथलं आहे.

नारायणगाव ते वाशी, येणंजाणं ३०० किलोमीटर धरा. महिन्याला २२ फेऱ्या. म्हणजे ६,६०० किलोमीटर. चौदाने ४७१ लिटर डिझेल लागतं, दहाने ६६०. फरक १८९ लिटर. लिटरला ९० रुपये धरले तर महिन्याला १७,००० रुपये. आता दुसरा हिशेब करा. गाडीसाठी ८ लाख कर्ज, १० टक्के व्याज, ५ वर्षं. हप्ता किती? १७,०००. पुन्हा वाचा. सांगितलेल्या आणि मिळालेल्या ॲव्हरेजमधल्या चार किलोमीटरच्या फरकात गाडीचा पूर्ण हप्ता जातो. बँकेत बसून ज्याने चौदा धरून 'हप्ता निघेल' असा हिशेब मांडला, त्याचा हप्ता पहिल्याच महिन्यात डिझेलच्या टाकीत गेला.

आणि भाडं? ते गाडीवाला ठरवत नाही. कॅरेटमागे दर बाजारात ठरलेला असतो आणि डिझेल वाढलं म्हणून तो लगेच हलत नाही. नवी गाडी कमी ॲव्हरेज देते म्हणून शेतकरी किंवा व्यापारी दहा रुपये जास्त देत नाही, आणि द्यावेत तरी का? म्हणजे फरक भरून काढायची एकच जागा उरते, स्वतःचं शरीर. जादा फेरी. रात्री वाशीत माल उतरवला की तिथेच दोन तास झोपायचं सोडून लगेच परत निघायचं. माळशेजच्या धुक्यात पहाटे डोळा लागणाऱ्या ड्रायव्हरला आपण बेफिकीर म्हणतो. त्याचा हप्ता कुठे अडकला आहे ते कुणी विचारत नाही. ॲव्हरेजचा प्रश्न मला नुसता पैशांचा वाटत नाही तो यामुळे.

भरलेली गाडी मोजताच येत नाही, असं कुणी म्हणेल तर ते खोटं आहे. १२ टनांवरच्या ट्रकसाठी केंद्राने २०१७ मध्ये इंधनवापराचे निकष काढले. त्यात ट्रक पूर्ण वजन भरून, ताशी ४० आणि ६० अशा स्थिर वेगाने चालवून डिझेल मोजतात. ती चाचणीही परिपूर्ण नाही, स्थिर वेगाने आपल्याकडे कोण चालतं? पण तत्त्व बरोबर आहे. माल वाहायची गाडी माल भरून मोजली जाते. मोठ्या वाहतूक कंपनीच्या ट्रकला जे माप लागतं, ते एका गाडीवर घर चालवणाऱ्याच्या पिकअपला का लागू नये? प्रवासी कारना कंपनीच्या सरासरीवर बांधलेले इंधनाचे निकष २०१७-१८ पासून लागू झाले, पिकअप त्या चौकटीच्या बाहेर राहिली. वरच्यांना नियम, खालच्यांना नियम, मधला मोकळा.

अमेरिका पिकअपचा देश. तिथेही साडेआठ हजार पौंडांवरच्या, म्हणजे साधारण ३,८५० किलो एकूण वजनाच्या पुढच्या पिकअपच्या काचेवर सरकारी ॲव्हरेजची चिठ्ठी लावायचं बंधन नाही. सगळ्यात जास्त ओढणाऱ्या गाडीचा आकडाच नाही. तेव्हा हा प्रश्न फक्त आपला आहे असं समजायचं कारण नाही, आणि तिकडचं बघून गप्प बसायचंही कारण नाही.

सध्याच्या चाचणीऐवजी डब्ल्यूएलटीपी ही जागतिक चाचणी २०२७ पासून आणायची तयारी केंद्राने चालवली आहे. ती बरीच लांब आणि जास्त वेगाची आहे. शिवाय मूळ नियमात मालवाहू गाडीच्या वजनक्षमतेच्या २८ टक्के भार चाचणीत धरला जातो. दीड टनाच्या गाडीसाठी ४२० किलो. दीडशेपेक्षा बरं. पण ४२० किलो टोमॅटो घेऊन वाशीला कोणी जात नाही. वीस किलोची एकवीस कॅरेट झाली, भाडंसुद्धा सुटणार नाही. नियम बदलतोच आहे तर पिकअपसाठी पूर्ण भाराचा दुसरा आकडा त्यात घालून घ्या. एक रिकाम्याचा, एक भरलेल्याचा, दोन्ही सारख्या अक्षरात. बाजार समित्या, वाहतूकदार संघटना, या भागाचे आमदार-खासदार यांनी हे आत्ताच मागायला हवं. नियम छापून आल्यावर मोर्चा काढून उपयोग नाही.

कायद्याचा रस्ता आहे, पण लांबचा. २००४ साली घेतलेल्या एका कारच्या ॲव्हरेजबद्दलची तक्रार राष्ट्रीय ग्राहक आयोगापर्यंत गेली आणि २०२४ मध्ये ग्राहकाच्या बाजूने लागली. भरपाई एक लाख. वीस वर्षं लढायला पिकअपवाल्याकडे वेळ नाही. त्याच्यापुढे आणखी एक अडचण असते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार व्यापारी हेतूने वस्तू घेणारा ग्राहक धरला जात नाही. मात्र स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी जो ती वापरतो, तो ग्राहक आहे. एकच गाडी, स्वतःच्या नावावर, चालवणारा स्वतः, तर तुम्ही ग्राहक आहात. शोरूममध्ये 'कमर्शियल गाडीला ग्राहक कोर्ट नाही' असं कुणी ऐकवलं तर घाबरू नका. ॲव्हरेज छापलेलं पत्रक, कोटेशन, डिझेलच्या पावत्या जपून ठेवा. मोजमाप टाकी फुल ते टाकी फुल असंच करा, समोरच्या स्क्रीनवरच्या आकड्यावर विसंबू नका. प्रत्येक फेरीला किती वजन होतं तेही वजनकाट्याच्या पावतीसह वहीत लिहा. वजन लिहिलेलं नसेल तर तुमचा दहाचा आकडाही समोरचा उडवून लावेल.

घेण्याआधी आणखी एक करा. डेमो गाडी मागा, आणि शोरूमच्या मागच्या सपाट रस्त्यावर दोन किलोमीटर फिरवून परत देऊ नका. तुमचा रोजचा माल, तुमचा घाट, टाकी फुल करून निघा, परत येऊन टाकी फुल करा, विकणाऱ्याचा माणूस शेजारी बसवा. निघालेला आकडा कोटेशनवर लिहून सही-शिक्का मागा. आठ-दहा लाखांचा व्यवहार आहे, एक दिवस मागण्यात गैर काही नाही. नाही म्हणाले तर दुसऱ्या शोरूमला जा, पिकअप विकणारे आज बरेच आहेत.