वडशाचा लिलाव

होळी पेटली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचा नाटक-हंगाम संपतो आणि आम्हा रसिकांचा सुरू होतो. मार्कंड्यात, वैनगंगेच्या काठी बसून आम्ही वडशाच्या नाटक कंपन्यांचे संघ बांधतो: कोणता विनोदवीर फुटला, नायिका कोणी पळवली, मुंबईचा टीव्ही-नट कितीला पडला. आयपीएलवाले लिलावाला दुबई-जेद्दाह गाठतात. आम्हाला टपरी पुरते.

वेळापत्रकाचं मात्र मातेरंच. मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, एकाच रात्री एकाच गावात दोन-तीन शामियाने! प्रेक्षकानं रात्रभर कुठं कुठं बसावं? झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा वाटलं, आता तारखांकडेही कोणी बघेल. कशाचं काय! अर्थात कंपन्यांनी आमचं ऐकू नये हेच बरं. ऐकलंच, तर भर उन्हाळ्यात बोलायचं कशावर?