भाव विचारणारे नाना

नाना परदेशात काही विकत घेत नाहीत. ते भाव विचारतात. टोमॅटोचा, गालिच्याचा, भाजलेल्या कणसाचा, दाढी-कटिंगचा. एकदा तर वाहतूक पोलिसाला त्याच्या बुटांचा. "विचारायला काय पैसे पडतात?" हे त्यांचं आयुष्यभराचं ब्रीद, आणि ते खोडून काढणं आजवर कुणाला जमलेलं नाही.

असे नाना प्रत्येक मराठी सहलीत असतात. कधी ते नागपूरचे असतात, कधी पार्ल्याचे, कधी त्यांना अप्पा म्हणतात. आमच्या इस्तंबूलच्या सहलीत आले ते मूळ मालवणचे, सहकारी बँकेतून निवृत्त होऊन डोंबिवलीत स्थिरावलेले. खिशात वही, वहीला रबरबँड, रबरबँडात पेन. सोबत माई. माईंचं माहेर बार्शीकडचं. हे लक्षात ठेवा.

पहिल्या सकाळी आम्ही आया सोफियासमोर उभे होतो. सन 537मध्ये पुरी झालेली वास्तू. आधी चर्च, मग मशीद, मग संग्रहालय, 2020पासून पुन्हा मशीद. गाईड रंगात येऊन सांगत होता, सगळ्यांच्या माना घुमटाकडे. नानांनी हात वर केला. इतिहासावर प्रश्न येतोय म्हणून गाईड खूश.

"या एरियात स्क्वेअर फुटाला काय रेट चाललाय?"

परदेशी पर्यटकाला आत जायला 25 युरोचं तिकीट आहे हे कळल्यावर नानांनी, घुमट बाहेरूनच चांगला दिसतो, असा निर्वाळा दिला आणि समोरच्या बाकावर बसून कणीसवाल्याशी बोलणी सुरू केली. माई मात्र तिकीट काढून आत गेल्या. पैशाची पर्स त्यांच्याकडे असते.

नानांना तुर्कस्तानाबद्दल खरा जिव्हाळा वाटला तो गाईडने चलनाची गोष्ट सांगितली तेव्हा. 1 जानेवारी 2005 रोजी त्या देशाने आपल्या पैशावरची सहा शून्यं पुसून टाकली. दहा लाख जुने लिरा म्हणजे एक नवा लिरा. बाकीचे "अरे वा" म्हणून पुढे सरकले. नाना थबकले. "अरे, म्हणजे एकतीस डिसेंबरच्या रात्री बँकेत काय झालं असेल! सगळी लेजरं!" त्या अनोळखी कारकुनांसाठी त्यांचे डोळे पाणावले होते असं माई सांगतात. पुढे 2022मध्ये तिथली महागाई वर्षाला ऐंशी टक्क्यांच्या वर गेली, हे ऐकल्यापासून हॉटेलात मेनूकार्ड आलं की त्यावर चिकटवलेली नवी किंमत नखाने खरवडून खालची जुनी वाचणं, हा त्यांचा जेवणाआधीचा विधी झाला.

पण नानांना पाहावं ते कपालीचार्शी या झाकलेल्या बाजारात. सुलतान दुसऱ्या मेहमदने 1453मध्ये शहर जिंकल्यावर दोन-तीन वर्षांतच या बाजाराचं बांधकाम काढलं. आज एका छताखाली साठेक गल्ल्या आणि चारेक हजार दुकानं आहेत. बाहेरूनच आरोळ्या सुरू होतात: "नमस्ते! शाहरुख खान!" आपण मान खाली घालून सटकतो. नाना थांबतात, चौकशी करतात, आत जाऊन बसतात. ट्यूलिपच्या आकाराच्या काचेच्या पेल्यातून बिनदुधाचा चहा येतो. मग गालिचे उलगडू लागतात. लोकरीचा, सुती ताण्यावरचा, हेरेकेचा रेशमी. नाना प्रत्येकाचा कोपरा उलटून गाठी मोजतात, हुं म्हणतात, भाव विचारतात आणि त्याच्या एक चतुर्थांश आकडा सांगतात. दुकानदार छातीवर हात ठेवतो, मुलाबाळांची नावं घेतो, थोडा खाली येतो. दुसरा चहा येतो.

इथे एक समजून घेतलं पाहिजे. आपण घासाघीस करतो ती वस्तूसाठी. नानांना वस्तू नको असते, त्यांना तळ हवा असतो. याच्याखाली हा माणूस मेला तरी जाणार नाही, तो आकडा. तो मिळाला की त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं, ते वही काढतात, नोंद करतात, "फार सुंदर, थँक्यू" म्हणतात आणि उठतात. अशा वेळी डोंबिवलीतला दुकानदार काय बोलेल ते छापता येणार नाही. इस्तंबूलचा तो पन्नाशीचा दुकानदार मात्र उठून नानांच्या मागे दारापर्यंत आला. आम्ही धास्तावलो. त्याने नानांच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "माय फ्रेंड, मुंबईत असा गालिचा केवढ्याला जातो?" मग दुकानाच्या भाड्याचं विचारलं. मग मुंबईतल्या सोन्याच्या भावाचं. तोही त्यांच्यातलाच निघाला. तिसरा चहा झाला. आमची बस चुकली.

एव्हाना गटातल्या बायकांच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. नाना भाव फोडून निघून जातात. मागून जाऊन त्याच भावाने माल उचलायला काहीच हरकत नसते. शोध माईंचा. नाना पुढच्या दुकानात गेले की त्या शांतपणे मागच्या दुकानात शिरत आणि दोन मिनिटांत पिशवी घेऊन बाहेर येत. सुके अंजीर, हेझलनट, अंतेपचे हिरवेगार पिस्ते, पुलबिबेर नावाची जाडीभरडी लाल मिरची. दुसऱ्या दिवसापासून नानांमागे माई आणि माईंमागे अर्धी बस, अशी वरात फिरू लागली. सहलीच्या कार्यक्रमात ठरलेलं चामड्याच्या कपड्यांचं शोरूम आलं तेव्हा एकानेही पाकीट उघडलं नाही. जॅकेटचा बाजारातला तळ सगळ्यांना तोंडपाठ होता. गाईडने त्यानंतर नानांकडे पाहून हसणं बंद केलं.

मसाल्यांचा बाजार एमिनोन्यूला, सतराव्या शतकातला. तिथे केशराची रास दिसली. रास! नानांनी भाव विचारला आणि आकडा ऐकून पहिल्यांदाच त्यांचा श्वास अडकला, इतका तो कमी होता. त्यांचा हात खिशाकडे गेला, म्हणजे केवढा ऐतिहासिक क्षण पाहा. तेवढ्यात माईंनी दोन काड्या चिमटीत घेतल्या, चुरगळल्या, हुंगल्या.

"अहो, करडई आहे ही. आमच्या शेतात बांधाला काटे टोचायचे हिचे."

खरंच होती. करडईच्या वाळलेल्या पाकळ्या तुर्की केशर म्हणून पर्यटकांच्या गळ्यात मारतात. बार्शीकडच्या बाईला ते सांगावं लागत नाही. विक्रेता ओशाळला नाही, हसला, आणि आतून कुलपातली छोटी डबी काढून खरं केशर दाखवलं. त्याचा भाव ऐकून नानांचा श्वास पूर्ववत झाला.

मासळीच्या बाबतीत नाना जास्त हळवे. कादिकोयचा बाजार आशिया खंडात, बॉस्फरसच्या पलीकडे, बोटीने जायचं. या खंडातून त्या खंडात साध्या बोटीच्या तिकिटात, ही नोंद वहीत लाल शाईने आहे. मालवणी माणूस मासा घेताना आधी कल्ला उचलून आतला रंग बघतो. इथल्या विक्रेत्यांनी ते लाल कल्ले आपणहून बाहेर उलटून ठेवलेले! नानांचं मुख्य हत्यारच काढून घेतल्यासारखं झालं. ते नुसतेच "वा, वा" करत फिरले. परतताना एमिनोन्यूच्या धक्क्यावर सगळ्यांनी पावात घातलेला भाजका मासा खाल्ला, वर कांदा, लिंबू. समोर पाणी, डोक्यावर सीगल, सगळे भावुक. नानांनी पाववाल्याला विचारलं, हा बांगडा इथलाच ना? तो बांगड्याचा चुलतभाऊ थेट नॉर्वेहून बर्फात येतो असं निघालं.

"म्हणजे हापण आपल्यासारखाच टूरवर आलाय," नाना म्हणाले आणि दुसरा घास घेतला.

फातिह मशिदीभोवतीच्या गल्ल्यांत दर बुधवारी मोठा आठवडी बाजार भरतो आणि शेजारच्या वस्तीचं नावच बुधवार आहे. गटातले पुणेकर हे ऐकून इतके सुखावले की त्यांनी त्या दिवशी दुसरं काही पाहिलं नाही. तिथे नानांनी कांद्याचा भाव विचारला. विक्रेता पोरगेला होता. त्याने भाव सांगितला आणि वर तावातावाने बरंच काही बोलला. गाईडने नाइलाजाने उलगडा केला. 2023च्या निवडणुकीआधी तिथले विरोधी नेते केमाल किलिचदारोलू यांनी आपल्या साध्या स्वयंपाकघरात हातात कांदा धरून त्याच्या वाढत्या किमतीवर चित्रफीत काढली होती. ते हरले, पण कांदा अजून तापलेलाच आहे. नानांना आपल्याच घरी आल्यासारखं वाटलं. कांद्याने सरकारं कशी रडतात, लासलगावला लिलाव बंद पडला की काय होतं, हे त्यांनी त्या पोराला मराठीतून समजावून सांगितलं. तो मान डोलवत होता. त्याला काही कळलं नाही असं फक्त आम्हालाच वाटलं.

सहलीच्या शेवटी एकच दुकान नानांना भारी पडलं. मसाला बाजाराच्या कोपऱ्यावर 1871पासून कॉफी दळून विकणारं मेहमेत एफेंदींचं दुकान. रांग लांबलचक, भाव फलकावर लिहिलेला, पुडी हातात, पैसे टाका, पुढे व्हा. विचारायला काही शिल्लकच नाही. नाना रांगेत कसनुसे उभे राहिले. माईंनी पुड्या घेतल्या.

तुमच्या पुढच्या सहलीतही नाना असतील. लोक त्यांना टाळतात, बसमध्ये मागे बसवतात. तुम्ही त्यांच्या शेजारची जागा पकडा. ती नाही मिळाली तर माईंची. आणि इस्तंबूलला जाणार असाल तर कपालीचार्शी रविवारी बंद असतो. हे आमच्या सहलीच्या रंगीत पत्रकात नव्हतं, नानांच्या वहीत होतं.