हिंमत बघा याची!

काही शब्दांचा आवाज आणि अर्थ यांचं लग्न कुणीतरी पत्रिका न बघताच लावून दिलेलं असतं. इंग्रजीतला 'टेमेरिटी' हा त्यातलाच एक. कानाला तो इतका मऊ लागतो की एखाद्या पारशी आजीचं नाव वाटावं. तिनं गाऱ्याची जुनी साडी नेसलेली असावी आणि दुपारच्या वेळी खिडकीतल्या मांजराला 'दीकरा' म्हणून हाक मारावी. कोश उघडून पाहावं तर तिथे अर्थ दिलेला असतो : अविचारी धाडस, धार्ष्ट्य, परिणामांची पर्वा नसलेला उद्धटपणा. अर्थ तलवार उपसून उभा आणि आवाज मात्र रुमालाला अत्तर लावत बसलेला.

कोशातले हे अर्थ खोटे नाहीत, पण त्यांच्या भरवशावर शब्द वापरायला गेलं तर फजिती ठरलेली. हा शब्द सहसा एकटा बाहेर पडत नाही. त्याच्या पुढे 'हॅड द' चालतं आणि मागून 'टु' येतं. अमक्यानं अमुक करण्याची टेमेरिटी दाखवली, असं म्हणायचं असतं. गंमत ही, की ते 'अमुक' बहुतेक वेळा एवढंसं असतं. कारकुनानं साहेबांच्या पत्रातली स्पेलिंगची चूक दाखवली. पाहुण्यानं कॉफी निवल्याचं सांगितलं. नव्या सुनेनं आमटीत गूळ घातलाच नाही. कड्यावरून उडी घेणाऱ्यासाठी इंग्रजीत दुसरे दणकट शब्द आहेत. टेमेरिटी राखून ठेवलेली असते ती घसा खाकरून 'जरा बोलू का' म्हणणाऱ्यासाठी. आणि शब्द उच्चारणारा नेहमी त्याच्यापेक्षा वीतभर उंच खुर्चीवर बसलेला असतो. म्हणून मराठीत याच्यासाठी एकच एक शब्द हुडकण्यात अर्थ नाही. अख्खं वाक्य लागतं आणि तेही उंचावलेल्या भुवईसकट : हिंमत बघा याची!

पण हा शब्द पूर्वीपासून असा गृहकलहात कामाला नव्हता. त्याचं कूळ शोधत गेलं की लॅटिनमधलं 'टेमेरे' भेटतं. त्याचा अर्थ न बघता, आंधळेपणानं. भाषांची गोत्रं जुळवणारे पंडित आणखी मागे जातात आणि हे 'टेमेरे' आपल्या 'तमस्'च्या भावकीत आणून बसवतात. म्हणजे टेमेरिटी मुळात अंधाराची लेक. धाडस हा तिचा नंतर जडलेला स्वभाव. समोरचं दिसत नसताना पुढे टाकलेलं पाऊल, एवढाच तिचा जन्माचा अर्थ.

हा अर्थ अक्षरशः पायी चालून दाखवणारा माणूस म्हणजे रोमचा कॉन्सल फ्लामिनियस. इसवी सनापूर्वी २१७ साली तो इटलीत घुसलेल्या हॅनिबलच्या मागावर ट्रासिमेनो सरोवरापाशी पोचला. सुमारे दोनशे वर्षांनी इतिहासकार लिव्हीनं ही हकिकत लिहिली आणि अपशकुनांची वर्णनं फार चवीनं केली. निघतानाच घोडा अडखळला आणि कॉन्सल डोक्यावरून पुढे पडला. निशाणाचा दांडा जमिनीतून निघेना. भीतीनं हात बधिर झाले असतील तर खणून काढा, असं कॉन्सलनं फर्मावलं. सरोवरापाशी पोचल्याच्या दुसऱ्या सकाळी पाण्यावर दाट धुकं होतं. डोंगरउतारांवर दबा धरून बसलेल्या हॅनिबलच्या माणसांना वरच्या विरळ धुक्यात एकमेकं दिसत होती आणि खाली काठाकाठानं चालणाऱ्या रोमन फौजेला मात्र स्वतःचे बाजूचे लोकही दिसत नव्हते. सुमारे १५ हजार रोमन त्या दिवशी मारले गेले, फ्लामिनियसही गेला. लढाई ऐन रंगात असताना मोठा भूकंप झाला, इटलीतल्या शहरांची पडझड झाली, पण लढणाऱ्यांपैकी कुणालाच तो जाणवला नाही, असं लिव्ही सांगतो. मला या सगळ्या कथेत तो भूकंप फार एकटा वाटतो. एवढं सगळं हलवून दाखवायचं आणि कुणी वळूनसुद्धा बघू नये!

त्यानंतर रोमनांनी फेबियसला सर्वाधिकारी नेमलं. हा गृहस्थ लढायचंच टाळू लागला. हॅनिबलच्या मागे मागे डोंगराडोंगरानं फिरत राहायचं, पण भिडायचं नाही. लोकांनी त्याला रेंगाळ्या म्हणून हिणवलं, आणि पुढच्या वर्षी कॅनाईला पुन्हा घाईनं फौज बुडाल्यावर तेच हिणवणं बिरुद म्हणून त्याच्या नावाला लावलं. आपल्याकडे असा माणूस 'बघू, करू' म्हणणारा अधिकारी म्हणून नारळ घेऊन निवृत्त झाला असता.

रोमन वक्त्या सिसेरोनं इसवी सनापूर्वी ४४ साली म्हातारपणावर एक छोटेखानी पुस्तक लिहिलं. त्यात त्यानं वाटणी करून टाकली आहे : टेमेरिटी उमलत्या वयाची, शहाणपण उतरत्या वयाचं. लिहिताना सिसेरो बासष्टीचा होता, तेव्हा आपण कुठल्या बाजूला बसलो आहोत याविषयी त्याच्या मनात शंका नसावी. त्याच वर्षी हे उतरतं वय मार्क अँटनीविरुद्ध भाषणं ठोकायला उभं राहिलं आणि पुढच्या वर्षी त्या भाषणांपायी शीर गमावून बसलं. वाटणीपत्र करणाऱ्यांचं हे असंच होतं.

लॅटिनमधून फ्रेंचमध्ये जाताना या शब्दानं जरा रुबाब कमावला. फ्रेंचांनी 'टेमेरेर' हे आपल्या एका युद्धनौकेचं नाव ठेवलं. ती इंग्रजांनी १७५९ साली पकडली आणि नाव तसंच ठेवून घेतलं. पुढे १७९८ साली चॅटमच्या गोदीतून पाण्यात उतरवलेल्या ९८ तोफांच्या नव्या जहाजालाही तेच नाव मिळालं. ट्रफाल्गरच्या लढाईत, १८०५ साली, हे जहाज इंग्रज नौसेनापती नेल्सनच्या 'व्हिक्टरी'ला मागे टाकून पुढे जाऊ पाहत होतं, तेव्हा नेल्सननं हाक मारून त्याला आपल्या जागी राहायला सांगितलं, असं म्हणतात. मुलाचं नाव धाडसराव ठेवायचं आणि तो पुढे धावला की कान धरायचा, हा न्याय बाकी सगळीकडे सारखाच. पण थोड्या वेळानं 'व्हिक्टरी'वर फ्रेंच खलाशी चढायच्या बेतात असताना मदतीला आलं ते हेच मागे ठेवलेलं जहाज.

तेहतीस वर्षांनी ते भंगारात विकलं गेलं. चित्रकार टर्नरनं १८३९ साली त्याच्या शेवटच्या प्रवासाचं चित्र मांडलं : समोर काळंकुट्ट, धूर ओकणारं ठेंगणं वाफेचं बोटुकलं आणि त्याच्या मागे ओढली जाणारी ती फिकट सोनेरी, उंच डोलकाठ्यांची म्हातारी. खरं तर तोवर तिच्या डोलकाठ्या काढून घेतलेल्या होत्या आणि ओढायला दोन बोटी होत्या. टर्नरनं एक बोट कमी केली आणि डोलकाठ्या परत लावल्या. चित्रकारानं वस्तुस्थितीपुढे दाखवलेली ही टेमेरिटी मला फार प्रिय आहे. त्यानं हे चित्र जन्मभर विकलं नाही. २०२० पासून ते इंग्लंडच्या वीस पौंडांच्या नोटेवर टर्नरच्या चेहऱ्यामागे छापलेलं आहे. म्हणजे आज तिथला अगदी भिडस्त माणूससुद्धा दूध आणायला जाताना खिशात थोडी टेमेरिटी घेऊनच जातो.

आपल्या 'साहस'चा प्रवास नेमका उलटा. मनुस्मृतीत साहस हा दंडनीय प्रकार आहे, बळजबरीचा गुन्हा. इतकंच नव्हे, दंडाच्या श्रेणींनाही तेच नाव : प्रथम साहस २५० पणांचं, मध्यम ५००, उत्तम १०००. आता तोच शब्द शनिवार-रविवारच्या साहसी सहलींवर जातो, हेल्मेट घालतो, जबाबदारी आमची नाही अशा कागदावर सही करतो आणि दुपारी झुणका-भाकरी खातो. एक शब्द रणांगणावरून जिना उतरत दिवाणखान्यात आला, दुसरा न्यायासनासमोरून सुटून डोंगरावर गेला. मधल्या पायरीवर दोघे एकमेकांना ओळख न दाखवता गेले असणार.

आमच्या बाजूला टेमेरिटीचं खरं माहेरघर म्हणजे गाण्याची मैफल. तिथे मागच्या रांगेतून एक चिठ्ठी निघते. निमंत्रणपत्रिकेचा कोपरा फाडलेला, पेन शेजाऱ्याचं. ती हातोहात पुढे सरकते आणि वाटेतला प्रत्येक हात ती उघडून वाचतो, कारण फर्माईश ही आपल्याकडे खासगी बाब मानलेली नाही. पेटीवाल्यापर्यंत पोचेतो तिच्यावर पंधरा जणांचं मत बनलेलं असतं. गवई ती वाचतात, गोड हसतात, पानाच्या डब्याखाली ठेवतात आणि जे ठरलं होतं तेच गातात. चिठ्ठी पाठवणारा माणूस मान खाली घालून दाद देत राहतो. त्यानं फार काही मागितलेलं नसतं. वडील दाढी करताना जी बंदिश अर्धीच गुणगुणायचे, तिचा अंतरा ऐकायचा असतो, बस्स.

अशाच एका मैफलीत रात्री साडेनवाच्या सुमाराला मारव्याची चिठ्ठी आली. मारवा हा सूर्यास्ताचा राग, तेव्हा पुढची रांग सात्त्विक संतापानं मागे वळली. गवयांनी चिठ्ठी मोठ्यानं वाचली आणि विचारलं, "कुणाची हो ही?" बराच वेळ हात वर झाला नाही. मग खांबाजवळून साठीच्या एक बाई उठून म्हणाल्या, "माझी."

"अहो ताई, मारव्याची वेळ टळून गेली."

"हो, ते माहितीये. पण माझी शेवटची बस दहा वीसची आहे. उद्याच्या संध्याकाळपर्यंत नाही थांबता येणार."

गवई एवढे हसले की तंबोऱ्यावरच्या मुलाला बोटं थांबवावी लागली. मग त्यांनी डोळे मिटून वीस मिनिटं मारवा गायला. पहिल्या रांगेतले एक जाणकार मनगटावरच्या घड्याळाकडे असे पाहत होते, जणू मावळलेल्या सूर्याला कुणीतरी रीतसर अर्ज न करता परत बोलावलंय. बाई दहाला पाच कमी असताना उठल्या आणि पिशवी छातीशी धरून, वाटेतल्या प्रत्येक गुडघ्याची वेगवेगळी माफी मागत बाहेर पडल्या.