तळघरातला पाहुणा

पर्वत पाटियाच्या आमच्या सोसायटीत दोन रो-हाउसमधली भिंत कमरेएवढीच. अलीकडे मावशी मेथी निवडताहेत, पलीकडे वहिनी साडीला स्टोन चिकटवताहेत. मी पेपर वाचत होतो, म्हणजे ऐकत होतो.

"ऐकलंस का गं? पोरानं न्यू जर्सीत घर पसंत केलं, नि तळघरात गॅस निघाला!"

"सिलिंडर गळत होता?"

"सिलिंडर कसला! रेडॉन. जमिनीतल्या युरेनियमपासून होतो नि फरशीच्या भेगांतून वर येतो. तुझ्या गमचा वास गल्लीभर सुटतो. याला ना वास, ना रंग. वर्षानुवर्षं छातीत गेला की फुफ्फुसाचा कॅन्सर. त्यात बिडी-सिगारेट असली तर विचारूच नको."

"माय वं! मग कळलं कसं?"

"घर घेताना तपासतात तिकडे. कोळशाची डबी तळघरात ठेवायची, दोन-चार दिवस दारं-खिडक्या बंद, की डबी लगोलग लॅबला. चार दिवसांत निम्मा गॅस विरतो ना, उशीर चालत नाही. यांचा आकडा आला ६. तिथं ४ झाले की दुरुस्ती करा म्हणतात."

मावशींचा अभ्यास दांडगा. पोराचा फोन रोजचा.

"१९८४ मध्ये पेनसिल्व्हेनियात एक वॉट्रस म्हणून इंजिनिअर होता, लिमरिकच्या अणुवीज प्रकल्पात. तपासणीच्या दारातून गेला की भोंगा वाजायचा. प्रकल्प तर सुरूही नव्हता! शोधलं तर काय, गॅस त्याच्या घरात."

"म्हणजे घरून कामावर न्यायचा?"

"तर काय!"

"मग आता घर सोडणार?"

"छे! फरशीला भोक पाडून पाइप घालतात, पंख्यानं खालची हवा ओढून छपरावर सोडतात. पंखा रात्रंदिवस चालू. नुसत्या भेगा बुजवून भागत नाही. खर्च विकणाऱ्यानं करावा म्हणून घासाघीस चाललीय."

"आपल्याकडे असतो का हो?"

"थोडा सगळीकडेच असतो. पण आपली दारं दिवसभर सताड उघडी, साठणार कुठे? ते कोपऱ्यावरचे मात्र तळमजल्यावर एसी लावून कोंडून बसतात." इथे आवाज उतरला. "मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं मोजायच्या डब्या केल्यात म्हणे, आत फिल्म असते. महिनोन्‌महिने टांगून ठेवतात."

"ते जाऊ द्या. सूनबाई काय म्हणते?"

"घर झकास म्हणते. पाहुण्यांची खोली तळघरात काढलीय. माझ्यासाठी."

वहिनींच्या बोटावरचा स्टोन बोटावरच राहिला.

"मावशी, पंखा बसला की पुन्हा डबी ठेवायला सांगा. आकडा बघूनच तिकीट काढा."