ऊन, आठवड्यातून एकदा, दुधातून

रविवारी सकाळी मध्यमवर्गीय घरांत एक नवा विधी चालतो. पुडी फाडायची, दुधात ढवळायची आणि ६०,००० युनिट डी जीवनसत्त्व एका दमात पिऊन टाकायचं. मे महिन्यात जिथे रस्त्यावरचं डांबर पाघळतं, तिथे आपण ऊन केमिस्टकडून आणतो.

‘आम्ही बाल्कनीत बसतो की!’ असं सांगणारेही आहेत. पण बाल्कनीला सरकत्या काचा बसवून तिची खोली केलेली असते. हे जीवनसत्त्व घडवणारे किरण साध्या काचेतून जवळपास येतच नाहीत. उकाडा तेवढा येतो, मग एसी लागतो.

झोपेचंही तेच. ऑफिसातला उजेड असतो तीन-पाचशे लक्सचा; बाहेर ढगाळ दिवशीही त्याच्या कैक पट आणि कडक उन्हात लाखाच्या घरात. शरीरातलं घड्याळ या उजेडावर लागतं. त्या घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७चं नोबेल मिळालं, तेही फळमाश्यांवरच्या कामासाठी. सकाळ झालेली माशीला कळते. आपल्याकडे जाड पडदे आहेत.

केनेथ राइट या अमेरिकी संशोधकाने काही जणांना आठवडाभर कोलोरॅडोच्या डोंगरात तंबूत ठेवलं. दिवे नाहीत, मोबाइल नाही, रात्री फक्त शेकोटी. त्यांचं मेलॅटोनिन, म्हणजे झोपेची चाहूल देणारं संप्रेरक, सुमारे दोन तास आधी वाढू लागलं. हे २०१३ साली छापून आलं. आपल्याकडे हाच प्रयोग लोडशेडिंगच्या काळात अख्ख्या महाराष्ट्रावर झाला होता. अर्थात डासांमुळे निष्कर्ष कोणी नोंदवले नाहीत.

मनाचं म्हणाल, तर रॉजर उलरिख यांनी १९८४ सालीच दाखवलं होतं, की पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत ते रुग्ण विटांची भिंत पाहणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना कडक वेदनाशामकंही कमी लागली. डॉक्टरांनी यातून काय घेतलं माहीत नाही, बिल्डरांनी मात्र ‘गार्डन व्ह्यू’चा वेगळा दर लावला.

खरंच बागेत जावं, तर पुण्यासारख्या शहरात महापालिकेच्या बऱ्याच बागांना भर दुपारी कुलूप. कातडीला डी जीवनसत्त्व बनवायला सर्वांत सोयीची वेळ नेमकी तीच! उघड्या असतात तेव्हा आत पाट्या: हिरवळीवर चालू नये, खेळू नये, झोपू नये. मोकळी हवा घ्या, पण उभ्याउभ्या.

म्हणून पुडीच बरी. ती ॲपवरून मागवता येते. दुपारी एक वाजता, फाटकाबाहेरच्या उन्हात, तोंडाला रुमाल बांधलेला पोरगा ती घेऊन उभा असतो. वॉचमन त्याला विचारतो, कोणती विंग? हा वॉचमन रात्रपाळी संपवून डबल ड्यूटीला थांबलेला असतो. त्याची झोप कशी आहे, हे सोसायटीच्या योगावर्गात अजून कोणी विचारलेलं नाही.