जाळीच्या कुंपणाचा यथासांग विधी

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत ज्या गृहस्थास आपल्या मिळकतीभोवती तारेची जाळी घालावयाची असेल, त्याने प्रथम हे ध्यानी घ्यावे की, जाळी श्वापदांसाठी असते हा केवळ दुकानदारांनी पसरवलेला प्रवाद आहे. कारण रानडुक्कर खालची माती उकरून आत शिरते, वानर वरून उडी घेते, आणि या दोहोंपैकी कोणाचेही नाव सातबाऱ्यावर नसल्यामुळे त्यांच्याविरुद्ध हद्द सिद्ध करण्यात पुरुषार्थ तो कसला? जाळी घालावयाची ती भाऊबंदांसाठी.

तार घेताना नंबर विचारला जाईल. सरकारी नोकरांच्या श्रेणीप्रमाणे येथेही आकडा चढेल तसतशी प्रकृती कृश होते: 10 नंबरची तार सुमारे 3.25 मिलिमीटर जाड, 12 नंबरची 2.64. वरचा जस्ताचा मुलामा लोखंडाआधी स्वतः झिजून घेतो, आणि एवढा त्याग वाटपाच्या वेळी कोणत्याही घराण्यात झाल्याचे ऐकिवात नाही. तथापि कोकणच्या पावसात पातळ मुलामा फार काळ तग धरीत नाही, हे जाणून स्वस्त माल वर्ज्य करावा.

या जाळीत गाठ नसते. प्रत्येक नागमोडी तार शेजारच्या तारेत पिळाने गुंतलेली असल्यामुळे, एका तारेची दोन्ही टोके सोडवून ती फिरवत वर ओढली की जाळी दुभंगते, आणि तीच पुन्हा फिरवत घातली की मागे खूणही राहत नाही. ही विद्या आपल्या चुलत्यांस अवगत नाही, असे गृहीत धरू नये.

खांब आठ-दहा फुटांवर, दीड-दोन फूट खोल, काँक्रीटमध्ये रोवावेत. कोपऱ्याच्या खांबास तिरका टेकू द्यावा. उंची पाच फुटांहून अधिक नको: दोन इंची भोकातून विडी पलीकडे जाते, चहाचा पेला जात नाही, आणि दावा चालू असतानाही "अप्पा, चहा घ्या" हे म्हणावेच लागते. सावित्री-गांधारीच्या काठी जाळी सुटी होईल अशी बांधावी व आषाढ लागताच गुंडाळावी; पुराचे पाणी आरपार जाते खरे, परंतु पेंढा आणि फांद्या अडकून तिची भिंत होते आणि ती भिंत खांबांसह आडवी होते.

मुहूर्ताविषयी जाणकारांचे मत असे की, मुंबईकर भाऊबंद गणपतीहून परतताच काम उरकावे. कारण अडवलेल्या वाटेबद्दल 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली दावा लावण्यास सहा महिन्यांची मुदत असते, आणि ते शिमग्याला येईतो ती सरत आलेली असते. परंतु 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम 143 तहसीलदारांस बांधावरून शेताची वाट देण्याचा अधिकार देते, त्यामुळे हा विजयानंद पुढच्या गणपतीपर्यंत टिकेलच याची हमी नाही.

तेव्हा सुज्ञांनी जाळीच्या आधी भूमी अभिलेख कचेरीत मोजणीचा अर्ज करावा, जाळीत बैलगाडी जाईल एवढे फाटक ठेवावे, आणि कुलपाची दुसरी किल्ली चुलत्यांकडे द्यावी.